फायरिंगचं गणित

गल्लीच्या टोकाला गाडी वळायच्या आतच कट्ट्यावर कुणीतरी म्हणतं, 'आरएक्स आली.' गाडी अजून दिसलेली नसते. रंग माहीत नसतो, नंबर माहीत नसतो, चालवणारा कोण हेही माहीत नसतं. कानावर फक्त आवाज आलेला असतो आणि तेवढ्यावर ओळख पक्की होते. बुलेट आली तर ती घरातल्या आजीलाही कळते. जावा किंवा येझदी गेली की साठीतले काका हातातला पेपर खाली ठेवून रस्त्याकडे बघतात. हल्लीच्या किती गाड्यांच्या बाबतीत असं होतं, सांगा बरं?

यामाहा आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ मध्ये आली आणि १९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे आज जी मुलं तिच्यासाठी वेडी झालीत, त्यातल्या बहुतेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तरीही चांगल्या अवस्थेतल्या आरएक्सला आज लाखाच्या घरात भाव सांगितला जातो. गाडी घेतली, रंग दिला, क्रोम चमकवलं की पुढची मागणी ठरलेली असते. गॅरेजवर जाऊन पोरं म्हणतात, 'काका, फायरिंग काढून द्या ना!'

या मागणीला दोन उत्तरं आहेत. एक दहा मिनिटांचं, दुसरं कित्येक आठवड्यांचं. दहा मिनिटांच्या उत्तरात सायलेन्सरची पुंगळी काढून टाकतात आणि आवाज मोठा होतो. दुसऱ्या उत्तरात इंजिन उघडावं लागतं, कारण गाडीचा खरा आवाज सायलेन्सरमध्ये नाही, इंजिनात तयार होतो. आवाज वाढवणं आणि आवाज घडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक न कळल्यामुळे किती जुनी इंजिनं कायमची वाया जातात, हे कुठल्याही जुन्या मिस्त्रीला विचारा.

ठोका आणि सूर

आधी साधं गणित करू. बुलेट ३५०चं जुनं बिडाचं इंजिन फोर-स्ट्रोक. त्यात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. गाडी जागेवर मिनिटाला ९०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर मिनिटाला ४५० स्फोट, म्हणजे सेकंदाला साडेसात. आपला कान सेकंदाला साधारण वीसपर्यंतचे ठोके सुटे सुटे ऐकू शकतो. म्हणून बुलेटचा 'धक्-धक्-धक्' मोजता येतो. त्यात पिस्टनची धाव लांब, ७० मिलिमीटरच्या बोअरला ९० मिलिमीटरचा स्ट्रोक, आणि जड फ्लायव्हील. इंजिन हळू फिरायला तयार असतं, म्हणून ठोका भारदस्त येतो.

आरएक्स १०० नेमकी उलट. ९८ सीसी, बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोकही ५० मिलिमीटर. टू-स्ट्रोक असल्यामुळे प्रत्येक फेरीला स्फोट. साडेसात हजार आरपीएमला सेकंदाला १२५ स्फोट होतात. एवढे ठोके कानाला सुटे ऐकू येत नाहीत, त्यांचा एक सूर होतो. म्हणून बुलेटला ठोका आहे आणि आरएक्सला सूर आहे, असं म्हणायला हरकत नाही.

मग आरएक्स जागेवर उभी असताना 'टिंग... टिंग टिंग... टिंग' असा अडखळता आवाज का येतो? कारण थ्रॉटल बंद असताना टू-स्ट्रोकच्या सिलिंडरमधून जुना जळका वायू पूर्ण बाहेर जात नाही. ताजं मिश्रण कमी, जुना धूर जास्त. त्यामुळे प्रत्येक फेरीला प्लगची ठिणगी पडते खरी, पण दर वेळी पेट घेतला जात नाही. दोन-तीन फेऱ्या कोऱ्या जातात, मग एकदम एक ठोका बसतो. ज्या आवाजावर आपण जीव टाकतो, तो खरं तर इंजिनाचा चुकलेला ठेका आहे!

जावाची तऱ्हा आणखी वेगळी. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीनं १९६१ पासून जावा बनवायला सुरुवात केली, १९७३ पासून येझदी हे नाव लावलं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. २५० सीसीच्या या गाडीला सिलिंडर एकच, पण एक्झॉस्टचे मार्ग दोन आणि सायलेन्सरही दोन. त्यात लांब स्ट्रोक, ६५ मिलिमीटरच्या बोअरला ७५ मिलिमीटरचा. टू-स्ट्रोक असूनही ती आरएक्ससारखी किंचाळत नाही, खालच्या पट्टीत घुमते.

गाडीचा आवाज ही कंपनीची ओळख असते, हे मोठ्या कंपन्यांनाही माहीत आहे. हार्ले-डेव्हिडसननं १९९४ मध्ये आपल्या इंजिनाच्या आवाजाचा अमेरिकेत ट्रेडमार्क मिळवण्यासाठी अर्ज केला होता. प्रतिस्पर्ध्यांनी हरकती घेतल्या, वाद वर्षानुवर्षं चालला आणि २००० मध्ये हार्लेनं अर्ज मागे घेतला. तो लंगडता ठेका येतो कुठून? ४५ अंशांत बसवलेले दोन सिलिंडर आणि दोघांचे कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर, त्यामुळे दोन स्फोटांमधलं अंतर असमान. म्हणजे तिथेही आवाजाचं मूळ पाइपमध्ये नाही, क्रँकमध्ये आहे.

एका पाइपसाठी देश सोडला

टू-स्ट्रोकमध्ये पाइपचं काम धूर बाहेर सोडण्यापुरतं नसतं. फोर-स्ट्रोकमध्ये वायू आत-बाहेर करायला व्हॉल्व्ह असतात. टू-स्ट्रोकमध्ये सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन खाली जाताना खिडकी उघडते, वर येताना बंद होते. अडचण अशी की ताजं मिश्रण आत येत असताना बाहेरची खिडकीही उघडीच असते. त्यामुळे थोडं पेट्रोल न जळताच धुराबरोबर निघून जातं. टू-स्ट्रोकचं कमी मायलेज आणि प्रदूषण, दोन्हीचं हे मोठं कारण.

या पळून जाणाऱ्या मिश्रणाला परत ढकलायचं कसं? त्याचं उत्तर आवाजात सापडलं. पूर्व जर्मनीतल्या झोपाऊ गावी एमझेड नावाची मोटरसायकल कंपनी होती. तिच्या रेसिंग विभागात वॉल्टर काडेन नावाचा इंजिनिअर होता. एक्झॉस्ट पोर्ट उघडला की दाबाची एक लाट पाइपमधून धावत जाते. पाइप जिथे रुंद होतो, तिथून ती उलटी होऊन परत येते आणि सिलिंडरमधला धूर ओढून घेते. पाइप पुढे जिथे पुन्हा निमुळता होतो, तिथून दुसरी लाट परत येते आणि निसटलेलं मिश्रण सिलिंडरमध्ये कोंबते. ही कल्पना काडेनच्या आधीही जर्मनीत वापरात आली होती. त्यानं ऑसिलोस्कोप लावून या लाटा मोजल्या आणि पाइपचा आकार त्यांच्याशी जुळवत नेला. मधे फुगलेला, दोन्हीकडे निमुळता असा हा पाइप म्हणजे एक्स्पान्शन चेंबर. आपली पोरं ज्याला नुसतं 'चेंबर' म्हणतात, तो हाच.

१९६१ पर्यंत एमझेडच्या १२५ सीसी रेसिंग गाडीनं २५ हॉर्सपॉवरपर्यंत मजल मारली होती. आरएक्स १०० ची ताकद ११ हॉर्सपॉवर होती, यावरून अंदाज घ्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, बर्लिनची भिंत उभी राहून जेमतेम महिना झाला असताना, एमझेडचा रायडर अर्न्स्ट डेगनर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पूर्व जर्मनीत परतलाच नाही. तो सुझुकीकडे गेला आणि सोबत एमझेडचं टू-स्ट्रोकचं तंत्रही गेलं. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, डेगनर आणि सुझुकीनं ५० सीसी गटाचं जागतिक विजेतेपद मिळवलं. त्यानंतर जपानी टू-स्ट्रोकनी रेसिंगचं जग व्यापून टाकलं.

लाट परत येते तेव्हा

आता हेच आपल्या आरएक्सवर लावून बघू. समजा, गाडी ८,००० आरपीएमला सगळ्यात जोरात ओढावी अशी आपली इच्छा आहे. या वेगाला एक फेरी पूर्ण व्हायला साडेसात मिलिसेकंद लागतात. एक्झॉस्ट पोर्ट साधारण अर्धी फेरी उघडा असतो असं धरू, म्हणजे पावणेचार मिलिसेकंद. गरम धुरातून दाबाची लाट सेकंदाला साधारण ५०० मीटर धावते. म्हणजे पोर्ट उघडा आहे तेवढ्या वेळात ती १.९ मीटरच्या आसपास जाते. तिला जायचंय आणि परतही यायचंय. म्हणून पोर्टपासून मागच्या निमुळत्या भागापर्यंत पाइपची लांबी साधारण ९५ सेंटिमीटर हवी.

हे ढोबळ गणित आहे. पोर्ट किती अंश उघडा राहतो आणि धूर किती तापतो, यावर आकडा बदलतो. पण मुद्दा लक्षात येतो. लांबी दोन-तीन इंचांनी बदलली की लाट परत येण्याची वेळ चुकते आणि गाडीचा स्वभावच बदलतो. पाइप छोटा केला तर गाडी वरच्या आरपीएमला पळेल, पण चौकातून निघताना मरगळेल. लांब ठेवला तर खाली चांगली ओढेल, पण वर दम संपेल. ऑनलाइन मागवलेला कुठलाही चेंबर कुठल्याही आरएक्सला लावला आणि गाडी 'हिट' झाली, असं होत नाही ते यामुळेच.

आणि आवाज? चेंबर जुळलेल्या गाडीत एक ठरावीक आरपीएम गाठेपर्यंत आवाज जड, काहीसा दबलेला असतो. लाटा वेळेवर परत यायला लागल्या की सिलिंडर नीट भरतो, कोरी फेरी जात नाही आणि सूर एकदम साफ होतो. पोरं त्याला 'लाइनवर येणं' म्हणतात. तो साफ झालेला सूर म्हणजे इंजिन नीट श्वास घेतंय याची खूण. म्हणजे चांगल्या आरएक्सचा आवाज मुद्दाम काढलेला नसतो. इंजिन जुळलं की तो आपोआप येतो.

आपल्याला हे समजायला अवघड नाही. बासरीची नळी सरळ असते, सनईची पुढे रुंदावत जाते. फुंकर मारणारा तोच असला तरी दोन्हींचा आवाज एक होत नाही. आणि सनई मोठ्यानं वाजावी म्हणून तिचं तोंड कुणी कापत नाही.

एक मिलिमीटरची किंमत

पाइपनंतर येतं पोर्टिंग. एक्झॉस्ट पोर्टची वरची कड घासून वर न्यायची, म्हणजे तो लवकर उघडेल आणि जास्त वेळ उघडा राहील. गाडी वरच्या आरपीएमला पळते, आवाज तीक्ष्ण होतो. काम हातातल्या ग्राइंडरनं होतं, मजुरी फार नसते आणि रीलवर तर दोन मिनिटांत झालेलं दिसतं. धोका इथेच आहे.

५० मिलिमीटर स्ट्रोकच्या इंजिनात, मधल्या टप्प्यावर, पिस्टन क्रँकच्या एका अंशाला अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी सरकतो. म्हणजे पोर्टची कड एक मिलिमीटर वर नेली की पोर्ट सव्वादोन-अडीच अंश लवकर उघडतो आणि तेवढाच उशिरा बंद होतो. एकूण साडेचार-पाच अंशांचा फरक पडतो. ग्राइंडर जरा घसरला तर एक मिलिमीटर कधी गेला ते कळतही नाही. घासलेलं बीड परत भरून येत नाही. पोर्ट फार रुंद झाला तर पिस्टनची रिंग त्या खिडकीतून बाहेर फुगते, कडेला अडकते आणि तुटते. पोर्टची कड नीट गोल केली नाही तरी तेच. रिंग तुटली की तुकडे पिस्टनला आणि स्लीव्हला ओरबाडतात.

मग स्लीव्ह बदला, ब्लॉक बदला. पण ओरिजिनल ब्लॉक आणायचा कुठून? पुण्यात नाना पेठ पालथी घाला, मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात फिरा, कोल्हापुरात उद्यमनगरच्या वर्कशॉपमध्ये स्लीव्ह बसवून आणि बोअर करून घ्या. काम होतं, आपल्याकडे तसे हातही आहेत. पण कारखान्यातून १९९६ नंतर एकही नवीन आरएक्स १०० आलेली नाही. प्रत्येक फुकट गेलेल्या ब्लॉकमागे शिल्लक गाड्यांतला एक अस्सल ब्लॉक कमी होतो.

तिसरी गोष्ट कार्ब्युरेटर. पाइप किंवा एअर फिल्टर बदलला की इंजिनात येणाऱ्या हवेचं प्रमाण बदलतं. हवा वाढली आणि जेट तोच राहिला तर मिश्रण 'लीन' होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबरच ऑइल येतं. त्यामुळे पेट्रोल कमी पडलं की उष्णता वाढते आणि बेअरिंग-पिस्टनचं वंगणही कमी होऊ शकतं. हायवेवर फुल थ्रॉटलला गाडी अचानक जड वाटते आणि मागचं चाक लॉक होतं. याला मिस्त्री 'इंजिन पकडलं' म्हणतात. ८० च्या वेगात चाक लॉक झालं तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. म्हणून जाणता मिस्त्री पाइप बदलल्यावर आवाज नंतर ऐकतो, आधी प्लग काढून बघतो. प्लग विटकरी-चॉकलेटी असेल तर ठीक. पांढराफटक असेल तर गाडी लीन, काळाकुट्ट आणि ओला असेल तर मिश्रण जास्त किंवा ऑइल जास्त.

बुलेटवाल्यांचा वेगळा मोह असतो. ठोका जड यावा म्हणून आरपीएम शक्य तितका खाली आणायचा आणि इग्निशनचं टायमिंग मागे घ्यायचं. आवाज भारी येतो, पण ऑइल पंप इंजिनाच्याच वेगानं फिरतो. इंजिन रेंगाळलं की ऑइल कमी फिरतं आणि त्याचा ताण बिग एंडच्या बेअरिंगवर येतो. टायमिंग फार मागे गेलं तर मिश्रण उशिरा जळतं, धूर जास्त तापतो आणि सायलेन्सरचा बेंड पाइप निळा पडतो. निळा पाइप काहींना स्टाइल वाटतो. खरं तर ती इंजिनाची तक्रार असते.

फटाका म्हणजे फायरिंग नव्हे

आता त्या दहा मिनिटांच्या उपायाकडे येऊ. पुंगळी काढली की आवाज अडवणारं काही उरत नाही. पण कंपनीच्या टू-स्ट्रोक सायलेन्सरमध्येही लाटा परत पाठवण्याचं तेच तत्त्व सौम्य रूपात वापरलेलं असतं. पुंगळी गेली की ते गणित बिघडतं आणि बहुतेक वेळा खालच्या आरपीएमचा ओढा कमी होतो. म्हणजे आवाज शर्यतीचा आणि पिकअप मोपेडचा!

बुलेटच्या 'फटाक्यां'ची कथा तर आणखी साधी. गाडी चालू असताना इग्निशन बंद-चालू करायचं. बंद असताना न जळलेलं मिश्रण तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाऊन साठतं, मग तिथेच पेटतं आणि धाडकन आवाज होतो. यात इंजिनाचं कौशल्य शून्य. पेट्रोल सिलिंडरऐवजी सायलेन्सरमध्ये जाळायचं, एवढंच. व्हॉल्व्ह आणि सायलेन्सर दोन्ही त्यात झिजतात.

आणि हा आवाज जातो कुठे? समोरच्या इमारतीत परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलीच्या कानात, दुपारी कसंबसं झोपवलेल्या बाळाच्या कानात, हृदयाचा त्रास असलेल्या आजोबांच्या छातीत. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. डेसिबलचं माप साध्या पट्टीसारखं नसतं. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, २० वाढले की शंभरपट.

स्वतः चालवणाऱ्याचे कानही सुटत नाहीत. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तासांपर्यंत चालतो. पुढे दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होत जातो. त्या हिशोबानं १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं उरतात. ज्या सुरासाठी एवढा खटाटोप, तो ऐकायला कानच उरले नाहीत तर उपयोग काय?

कायदा काय म्हणतो

इथे थोडं कडू बोलावं लागेल. नव्या मोटरसायकलींसाठी आवाजाची मर्यादा ठरलेली आहे. ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीला ७७ आणि त्यावर ८०. गाडी बाजारात येण्याआधी ही चाचणी होते. गाडी वेग घेत जाते आणि तिच्या मार्गापासून साडेसात मीटरवर ठेवलेला माइक आवाज मोजतो. देशात अशा चाचण्या करणाऱ्या प्रमुख संस्थांपैकी एआरएआय ही आपल्या पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल गाडीत करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही केरळमधल्या एका प्रकरणात हेच बजावलं. आवाज आणि प्रदूषणाचे नियम मोडले तर कलम १९०(२) लागू होतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र, अशी तरतूद आहे. जप्त केलेल्या सायलेन्सरवर पोलीस रोड रोलर फिरवतात, ते व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलेत.

म्हणजे स्पष्टच सांगायचं तर चेंबर लावलेली, पोर्टिंग केलेली आरएक्स ही रस्त्यावरची गाडी नाही. तिची जागा ट्रॅकवर. मोटरस्पोर्टची राष्ट्रीय संघटना असलेल्या एफएमएससीआयच्या मान्यतेनं होणाऱ्या ड्रॅग रेसमध्ये टू-स्ट्रोकचे वेगळे गट असतात. ज्याला पोर्ट आणि पाइपचं गणित खरंच शिकायचंय, त्यानं जास्तीचा एक ब्लॉक मिळवावा, प्रयोग त्यावर करावेत आणि गाडी टेम्पोत घालून ट्रॅकवर न्यावी. तिथे सूरही कळतो आणि घड्याळही खरं बोलतं.

मग रोजच्या गाडीचं काय?

चांगली बातमी अशी की जुन्या गाडीचा हरवलेला आवाज परत आणायला बहुतेक वेळा काही बदलावंच लागत नाही. आधी या गोष्टी करून बघा:

कार्बन काढा. वर्षानुवर्षांच्या जळक्या ऑइलनं पुंगळी आणि एक्झॉस्ट पोर्ट तुंबलेले असतात. पुंगळी बाहेर काढून साफ करा आणि परत बसवा. परत बसवणं महत्त्वाचं! कॉस्टिक सोडा वापरत असाल तर हातमोजे आणि चष्मा घाला, आणि ॲल्युमिनियमच्या भागांपासून तो लांब ठेवा.

गॅस्केट बघा. सायलेन्सर आणि सिलिंडरच्या जोडावरचं गॅस्केट फुटलं असेल तर फटफट आवाज येतो. बरेच जण त्यालाच फायरिंग समजतात. ते लीकेज असतं.

क्रँकचे ऑइल सील तपासा. टू-स्ट्रोकमध्ये सील गळलं की बाहेरची हवा आत येते, गाडी लीन होते आणि आयडलिंग कधीच जागेवर राहत नाही.

रीड व्हॉल्व्ह बघा. पेटीच्या रीडला चीर गेली की सूर बेसूर होतो, आरएक्सचंही तेच. पाकळी तुटली किंवा वाकली असेल तर बदला.

ऑइल योग्य प्रमाणात वापरा. 'धूर जास्त म्हणजे आरएक्स भारी' हा समज सोडा. ऑइल पंप काढून टाकला असेल तर तो परत बसवता आला तर उत्तम.

पॉइंट आणि टायमिंग मोजून लावा, अंदाजानं नको.

एवढं केल्यावर गाडी ओरिजिनल सायलेन्सरमध्ये चालू करा. जो आवाज येईल, त्याच आवाजावर ही गाडी गाजली होती. तेव्हाच्या रस्त्यावर तिची ओळख पटायला पुंगळी काढावी लागली नव्हती.

२०३५ चा हिशोब

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेल्या दुचाकी आणि चारचाकी व्हिंटेज ठरू शकतात आणि त्यांना नंबरमध्ये 'व्हीए' ही खास अक्षरं मिळतात. पण अट आहे. गाडी मूळ रूपात जपलेली हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले नकोत.

साठच्या दशकातल्या जावा या वयात आलेल्या आहेत. १९८५ मध्ये नोंदवलेली पहिली आरएक्स १०० पन्नाशीची होईल २०३५ मध्ये. आज विशीत असलेला तिचा मालक तेव्हा तिशीत असेल. त्या वेळी गाडी आरटीओत उभी करताना ब्लॉक अखंड आहे, पोर्टला हात लागलेला नाही, सायलेन्सर कंपनीचा आहे आणि पुंगळी जागेवर आहे, असं किती जणांना सांगता येईल? आज दहा मिनिटांचा उपाय करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना.

गॅरेजवर जाऊन मागणी जरूर करा. फक्त शब्द बदला. 'काका, फायरिंग काढून द्या' असं न म्हणता 'काका, इंजिन जुळवून द्या' म्हणा. काकांचा चेहरा बघा, त्यांनाही हेच काम आवडतं.